विद्यापीठाचे शिवार आणि घरची भाकरी

श्रोतेहो, नमस्कार.

परभणीचे कृषी विद्यापीठ 18 मे 1972 रोजी स्थापन झाले. त्याच वर्षी पावसाने मराठवाड्याकडे पाठ फिरवली आणि पिढ्यान्‌पिढ्या जोंधळ्याच्या, म्हणजे ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या लोकांना परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीवर दिवस काढावे लागले. आजही गावातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे मिलोचे नाव काढले की त्यांचे तोंड वाकडे होते. विद्यापीठाला एवढी मोठी शेती कशासाठी हवी, असे कोणी विचारले की मला हेच वर्ष आठवते.

विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर गेलेला शेतकरी बहुधा पाट्या लावलेले वाफे आणि डोलणारी पिके पाहून परत येतो. माझ्या मते तिथले सर्वांत मोलाचे पीक म्हणजे बियाणे. शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली तयार झालेल्या मूठभर पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि त्यापासून प्रमाणित बियाणे होते, तेव्हा कुठे ते आपल्या पाभरीपर्यंत, म्हणजे पेरणीच्या अवजारापर्यंत पोहोचते. रब्बी ज्वारीत संकरित वाणांचा जम बसला नाही. इथे सरळ वाणच चालतात, म्हणजे ज्यांचे बी पुन्हा पेरले तरी पीक तसेच येते, आणि ते बी शेतकऱ्याला घरी राखता येते. ज्या बियाण्याला दरवर्षी गिऱ्हाईक नाही, त्यात खाजगी कंपन्यांना फारसा रस नसणार हे उघड आहे, म्हणून ही जबाबदारी विद्यापीठांवरच येऊन पडते.

मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेल्या मालदांडी 35-1 या वाणाने कित्येक दशके सोलापूर-मराठवाड्याला भाकरी आणि कडबा दोन्ही पुरवले. पण रब्बीचा जोंधळा जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढतो आणि ती ओल मातीच्या खोलीवर ठरते. मुरमाड माळावर आणि काळ्या रानात एकच वाण सारखा कसा पिकणार? म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा अशी विभागणी केली. त्याच्या जोडीला पेरणीनंतर 3, 5 आणि 8 आठवड्यांनी कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती कोळप्याने हलवणे, सांगितली. यातली शेवटची दातेरी कोळप्याने करावी, कारण तोवर रान भेगाळू लागते आणि त्या भेगा मातीने बुजल्या तरच उरलेली ओल टिकते. यात खर्च जवळजवळ नाही, वेळ मात्र साधावी लागते.

पोट भरले म्हणजे पोषण झाले असे नाही. परभणीच्या विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने 2018 मध्ये ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला. त्याच्या एक किलो दाण्यात सुमारे 45 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त असते. एरवीच्या ज्वारीत हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे 30 आणि 20 असते. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला रोजच्याच भाकरीतून अधिक लोह मिळावे, हा विचार मला गोळ्या वाटण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, 17 सप्टेंबरला, परभणीला विद्यापीठाचा रब्बी मेळावा भरतो आणि बियाण्यासाठी रांग लागते. आपल्या वाट्याला एकच पिशवी आली तरी हिरमुसू नका. एकराला 4 किलो बी पुरते आणि एका एकराच्या राशीतून पुढच्या वर्षी निम्म्या गावाची पेरणी होऊ शकते.

बी घरी राखताना मात्र जपावे लागते. जोंधळ्यात थोडे परपरागीभवन होतेच, म्हणजे शेजारच्या वाणाचे पराग आपल्या कणसावर येतात, म्हणून शेजाऱ्याच्या बांधालगतची कणसे सोडून रानाच्या मधली, टपोऱ्या दाण्यांची, कीड-रोग नसलेली कणसे काढणीआधीच खूण करून ठेवावीत. ती वेगळी बडवून बी कडक उन्हात वाळवावे. पेरणीच्या आठवडाभर आधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि 75 पेक्षा कमी उगवले तर ते बी खाण्याला वापरावे. तीन वर्षांनी विद्यापीठाकडून ताजे बी आणावे. घरच्या बियाण्यावरून काणी, म्हणजे कणसातल्या दाण्यांची काळी भुकटी करणारा बुरशीचा रोग पसरतो, तेव्हा किलोला 4 ग्रॅम या प्रमाणात बारीक गंधक चोळूनच पेरावे. एकराच्या बियाण्याला 16 ग्रॅम गंधक पुरेसे होते. नमस्कार.