रिकामी मात्रा

नमस्कार श्रोतेहो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. तेव्हा इतवारी-महालातल्या गर्दीत पोरं काय ओरडत असतात, ते तुम्हाला सांगायला नको. 'इडा पिडा, खासी खोकला, घेऊन जा गे मारबत!' हेच आता टाळी वाजवत म्हणून पाहा. इडा, पिडा, खासी, खोकला, घेऊन, जा गे, मारबत... आणि मग एक टाळी अशी येते की तिच्यावर शब्दच नाही. सात मात्रा, म्हणजे सात ठोके, शब्दांच्या, आठवी रिकामी. मिरवणुकीत तिथे ढोलाचा दणका बसतो, म्हणून ती कुणाला जाणवत नाही. वर्गात ढोल नसतो. मग पोरं ती आठवी मात्रा गिळतात आणि थेट 'इडा'वर उडी मारतात.

मी प्राथमिकच्या वर्गांना संगीत शिकवते. लयीचे पहिले काही तास माझे या गिळलेल्या मात्रेवरच जातात.

भरभर म्हणायला मुलांना शिकवावं लागत नाही. टाळ्या सुरू झाल्या की चार-दोन आवर्तनांत, म्हणजे तालाच्या चार-दोन फेऱ्यांत, सगळा वर्ग पळत सुटतो. ही मस्ती नव्हे बरं का. मनाला येईल तशी टाळी वाजव म्हटलं, तर लहान मूल मोठ्या माणसापेक्षा जलद वाजवतं आणि वय वाढतं तशी ती टाळी संथ होत जाते, असं अभ्यासकांनी मोजून पाहिलेलं आहे. म्हणून पहिली-दुसरीच्या मुलांना मांडी घालून बसवायचं आणि विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, ख्याल ऐकवायचा, हे मला पटत नाही. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन पुरं व्हायला मिनिटभर लागू शकतं. तेवढ्यात दुसरीतलं पोर दोनदा पाणी पिऊन येईल. हौस शिक्षकाची, शिक्षा पोरांची! त्यांच्या चालीनं सुरुवात करावी. आठ मात्रांचा केरवा, सहा मात्रांचा दादरा, धा धी ना, धा ती ना. त्यात हात बसला की मग हळूहळू लय खाली आणावी.

एक खेळ आत्ताच करून पाहू. घरात मुलं असतील तर त्यांना रेडिओजवळ बोलवा. मी आठ आकडे मोजते, तुम्ही माझ्याबरोबर टाळी द्या. पुढचे आठ मनात मोजायचे, हात बंद. त्यानंतरच्या एकला सगळ्यांनी मिळून एकच टाळी. चला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ...

(आठ मात्रा शांतता. मग एक टाळी.)

रेडिओवर इतका वेळ गप्प बसणं म्हणजे स्टुडिओतल्या मंडळींचा जीव टांगणीला! पण कुणाची टाळी कधी पडली ते पाहिलंत ना? बहुतेकांची माझ्या आधी पडली असेल. वर्गात तर पावसाच्या पहिल्या सरीसारख्या टपटप पडतात. रोज पाच मिनिटं हा खेळ घ्या. टाळ्या जवळजवळ येऊ लागल्या की समजा, मुलं आता मात्रा ऐकताहेत. नुसत्या वाजवत नाहीत.

हे जमलं की तीनताल. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला, आणि नवव्या मात्रेला खाली. खालीला टाळी द्यायची नाही, हात बाजूला नेऊन तळवा वर करायचा. हे सगळं पोरं पाठ करतात, परीक्षेच्या वहीत सुबक लिहितात, आणि कानाला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून मी डोळे मिटायला लावते. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमारा कुठे बंद होतो, तिथे हात वर करा. चांगला कान असलेली मुलं नवव्या मात्रेला करतच नाहीत, दहाव्याला करतात. ती बरोबरच असतात! नवव्या मात्रेवर 'धा' आहे, त्यात डग्गा वाजतो. घुमारा थांबतो तो दहाव्याच्या 'तिं'वर आणि परततो चौदाव्याच्या 'धिं'वर. हात एक मात्रा पुढे, डग्गा एक मात्रा मागे. एकदा एका मुलीनं विचारलं, 'मॅडम, काहून असं? हाताले आधी कसं मालूम पडते?' अशा प्रश्नावर मी दहा मिनिटं खुशाल खर्च करते. तबला नसला तरी अडत नाही. सतरंजीवर बसलेल्या मुलांना डाव्या तळव्यानं जमिनीवर थाप आणि उजव्या बोटांनी टिचकी, एवढं पुरतं.

दुगुनीला, म्हणजे दुप्पट लयीला, मात्र पाढे कामाला येतात. बे एके बे, बे दुणे चार. एका टाळीला एक शब्द. मग हात तोच ठेवायचा आणि तोंड दुप्पट करायचं, एका टाळीत दोन शब्द. इथे हटकून हातही तोंडामागे धावतो. अशा वेळी टाळी एकीला आणि पाढा दुसरीला दिला, की दोघींचं बरोबर उमगतं. लय बदलली की तीच चीज कशी पालटते, त्यासाठी एक परदेशी उदाहरणही वाजवते. फ्रेंच संगीतकार सँ-साँस यांनी १८८६ मध्ये प्राण्यांवर एक रचना केली. तिच्यात कासवांसाठी त्यांनी ऑफेनबाख या संगीतकाराची नाचाची धावती धून घेतली आणि मुद्दाम अगदी संथ करून ठेवली. आधी धावती, मग कासवाची, अशा दोन्ही ऐकवल्या की वर्ग हसून लोळतो. विलंबिताची ओळख मी अशीच करून देते.

मैफलीला न्यायचं असेल तर सिव्हिल लाइन्सच्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात न्या. वसंतरावांचं गाण्याचं शिक्षण याच शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे सुरू झालं होतं, हेही जाता जाता सांगा. मुलाला कलाकाराकडे नव्हे, पुढच्या रांगेतल्या जाणकारांच्या मानांकडे बघायला सांगा. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, त्या एकदम हलतात. सम आधी कोण ओळखतं, ही पैज लावली तर मूल अर्धा तास तरी जांभई देत नाही. त्यानंतर उठून घरी यावं.

आणि आज रात्री साताचा पाढा घ्याल तेव्हा टाळी तुम्ही धरा. 'सात आठे' म्हणून मूल अडखळलं तर छप्पन सांगू नका आणि टाळीही थांबवू नका. ती मात्रा रिकामी जाऊ द्या, आणि 'सात नव्वे'ला त्याला परत आत घ्या.

नमस्कार.