लांब केसांचे राजे

या अंगठीवरचा चेहरा नीट पाहा. मधोमध भांग, दोन्ही खांद्यांवर रुळणारे केस, हाती भाला. भोवती लॅटिन अक्षरांत नाव: राजा शिल्देरिक. आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने इथं 1653 मध्ये त्याची कबर सापडली, त्यात ही अंगठी होती. पुढे 1831 मध्ये पॅरिसमधून ती चोरीला गेली. ही तिची प्रतिकृती.

शिल्देरिकच्या, म्हणजे फ्रँक लोकांच्या मेरोविंजियन राजघराण्यात लांब केस हीच राजखूण. शिल्देरिकचा मुलगा क्लोविस. त्यानं गॉलचा, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सचा, बराचसा मुलूख जिंकला, बाप्तिस्मा घेतला आणि 511 मध्ये तो गेला. त्याच्या चार मुलांत राज्याच्या चार वाटण्या झाल्या आणि भाऊबंदकीला तोंड फुटलं.

या भावांतला क्लोदोमेर 524 मध्ये लढाईत पडला. त्याची तीन पोरं पॅरिसला आजीपाशी, क्लोतिल्दपाशी होती. काकांनी तिच्याकडे माणूस धाडला: एका हातात कात्री, दुसऱ्या हातात नंगी तलवार. बोल, नातवांचं काय करायचं, केस कापायचे की मान? रागाच्या भरात आजी बोलून गेली, गादी मिळणार नसेल तर मेलेली बरी. दहा वर्षांच्या थोरल्याला काका क्लोतारनं स्वतःच्या हातानं मारलं. सात वर्षांच्या धाकट्यानं दुसऱ्या काकाचे पाय धरले. त्या काकाला रडूही आलं. पण क्लोतारनं दरडावताच त्यानं पोराला दूर लोटलं. तिसरा क्लोदोआल्द निसटला, त्यानं आपले केस आपणच कापले आणि तो चर्चचा झाला. पॅरिसजवळच्या सें-क्लूला त्याचंच नाव आहे.

सातव्या शतकाच्या अखेरीस केस उरले, सत्ता राजवाड्याच्या कारभाऱ्यांकडे गेली. 737 मध्ये राजा वारला, तर कारभारी शार्ल मार्तेलनं नवा बसवलाच नाही. शेवटचे राजे बैलगाडीतून हिंडत, असं आइनहार्ड लिहितो. अर्थात तो शार्लमेनच्या पदरचा माणूस, आणि शार्लमेन याच कारभाऱ्यांच्या घराण्यातला. त्याचं बोलणं जरा बेतानंच घ्यायचं.

751 मध्ये मार्तेलचा मुलगा पेपां यानं पोपचा कौल घेतला, तिसऱ्या शिल्देरिकचे केस कापून त्याला मठात धाडलं आणि स्वतः राजा झाला. रक्ताचा हक्क नव्हता, म्हणून पवित्र तेलाचा अभिषेक. 754 मध्ये तर खुद्द पोप आल्प्स ओलांडून आला आणि त्यानं सें-दनीला पेपांसोबत त्याच्या मुलांनाही अभिषेक केला. त्यातलाच एक शार्लमेन, 800 मध्ये सम्राट झालेला.

वाटण्यांची खोड मात्र या कॅरोलिंजियन घराण्यालाही सुटली नाही. 843 मध्ये व्हर्दनच्या तहानं शार्लमेनच्या नातवांनी साम्राज्याचे तीन तुकडे केले. पश्चिमेकडच्या तुकड्याचा राजा पाचवा लुई 987 मध्ये शिकारीत जखमी होऊन निपुत्रिक मेला. काका शार्ल हयात होता. सरदारांनी त्याला डावलून आपल्यातल्याच ह्यूग कापेला राजा निवडलं. शार्लनं हत्यार उपसलं, लाँ शहर घेतलंही. 991 मध्ये तिथल्याच बिशपनं दगा करून त्याला कापेच्या हवाली केलं.