केडगावच्या विहिरी

नमस्कार श्रोतेहो.

१९०० सालचा दुष्काळ. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव लागतं. पाऊस तिथे एरवीही बेताचा, त्यात हे असलं साल. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात, म्हणजे निराधार बायका-मुलींच्या आश्रमात, तेव्हा दोन हजारांच्या घरात माणसं होती, वर शंभरावर गुरं, आणि बांधकाम चालू. पाणी दोन विहिरींचं. संध्याकाळी तळ दिसायचा. उद्या काय, हा घोर रोजचाच. आणि सकाळी पाहावं तर दिवस निघेल एवढं पाणी आलेलं असायचं.

ऐकणाऱ्यांत कुणी शेतकरी असेल तर म्हणेल, यात नवल ते काय? उपसा थांबला की रात्रीत झरे विहीर भरतातच. खरं आहे, आणि रमाबाईंना ते कळत नव्हतं असंही नाही. तरी त्यांनी हे देवाचं देणं म्हणून लिहून ठेवलं. मला यात काही विसंगत वाटत नाही. विहीर खणणं माणसाच्या हातात आहे. दुष्काळात झरा कुठवर टिकेल, हे कुणाच्या हातात आहे?

रमाबाईंची श्रद्धा सुखात वाढलेली नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर चालणारं घर. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात दक्षिणेत हे कुटुंब उपाशी पडलं. होतं नव्हतं ते पूजा-अनुष्ठानांत, दानधर्मात गेलं. शेवटी झाडाचा पाला खाऊन दिवस काढले. १८७४ मध्ये वडील गेले, थोड्याच काळात आई गेली, मग बहीण. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ, एवढेच उरले.

ज्या मुलीच्या प्रार्थनेला असं उत्तर मिळालं, तिने पुढे ‘देव पुरवतो’ म्हणावं, हे सहज पचत नाही. मलाही पचायला वेळ लागतो. पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा आपण काढलेली उपासमार आठवूनच त्या तिकडे गेल्या, आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात त्यांची विधवांसाठीची शाळा होती, शारदा सदन. पण पुण्यात प्लेग होता, तिथे एवढ्या मुलींना ठेवता येईना, म्हणून केडगाव. तिथली जमीन त्यांनी आधीच घेतली होती, फळझाडं लावली होती. अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी शारदा सदनाला दहा वर्षं मदत करायचं वचन दिलं होतं, ते १८९८ मध्ये सरणार होतं, तेव्हा बागेचं उत्पन्न हाताशी असावं हा हिशेब. म्हणजे बाई देवावर भार टाकून स्वस्थ बसणाऱ्यांपैकी नव्हत्या.

पण या तीनशे मुलींसाठी कुणी वचन दिलं नव्हतं. झाडंही अजून लहान. त्यांना आणलं तेव्हा हिशेब बसत नव्हता, आणि रमाबाईंनी तो बसायची वाट पाहिली नाही. पैसे आले, देशातून, परदेशातून, ओळखीच्या-अनोळखी माणसांकडून. कधी भरपूर, कधी जेमतेम. मुली शेती शिकल्या, विणकाम शिकल्या, छापखाना चालवू लागल्या.

अडचणीत असलेल्या श्रोत्यांना कुणी ‘विश्वास ठेवा’ म्हणालं की राग येतो, हे मी समजू शकतो. नोकरी गेलेली असते, घरात आजारपण असतं, आणि सांगणाऱ्याचं पोट भरलेलं असतं. म्हणून तर रमाबाईंचं नाव घेतलं. त्यांच्या विश्वासात ‘आता मला काही होणार नाही’ अशी खात्री कुठेच नव्हती. पती लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेले. त्यानंतर वाढवलेली, पुढे कामात उजवा हात झालेली एकुलती एक लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली.

तेव्हा रमाबाई साठी ओलांडून गेल्या होत्या आणि कान जवळजवळ गेले होते. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणायचं काम वर्षानुवर्षं चालू होतं. लेकीच्या मृत्यूनंतरही त्या त्याच कामाला बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं.

नमस्कार.