संचालकाने राजीनामा दिला? आधी पत्र उघडा

नमस्कार! तुमच्याकडे शेअर असलेल्या कंपनीची बातमी मोबाइलवर झळकते, ‘स्वतंत्र संचालकांचा राजीनामा’, म्हणजे कंपनीशी हितसंबंध नसलेला बोर्डाचा सदस्य बाहेर पडला. लगेच विकायला धावू नका. आधी ते पत्र वाचा.

हो, ते तुम्हा-आम्हालाही वाचता येतं. सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) नियमाप्रमाणे लिस्टेड, म्हणजे बाजारात शेअर असलेल्या कंपनीला स्वतंत्र संचालकाचं राजीनामापत्र सविस्तर कारणांसह सात दिवसांत शेअर बाजाराकडे द्यावं लागतं. बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर कंपनीचं नाव टाका, पीडीएफ फुकट मिळते.

उघडलं की बऱ्याचदा एकच ओळ दिसते: ‘इतर व्यापांमुळे वेळ देता येत नाही.’ इथे खरी मेख आहे. हे गृहस्थ आणखी कोणत्या लिस्टेड कंपन्यांच्या बोर्डावर आहेत, ती यादीही सोबत द्यावी लागते. बाकी चार बोर्डांवर ते कायम आणि सोडली फक्त हीच कंपनी, तर वेळेचं कारण मला पटत नाही. माझ्या मते पत्रापेक्षा ही यादी जास्त बोलते.

पाच-पाच वर्षांच्या दोन टर्म संपून कुणी उतरलं असेल, तर काळजी नको. कायद्यानेच उतरावं लागतं.

पण जाणारी व्यक्ती ऑडिट कमिटीची (हिशेबांवर नजर ठेवणाऱ्या बोर्डाच्या समितीची) अध्यक्ष असेल, कंपनीचे आर्थिक निकाल तोंडावर असतील, आणि मागेपुढे ऑडिटर किंवा सीएफओ (मुख्य वित्त अधिकारी) ही गेला असेल, तर मात्र सावध व्हा. कंपनीचे हिशेब सगळ्यात जवळून बघणारी हीच माणसं.

सत्यम ही आयटी कंपनी आठवा. 16 डिसेंबर 2008 ला बोर्डाने प्रवर्तकांच्या (कंपनी उभी करून चालवणाऱ्यांच्या) कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या घ्यायला मंजुरी दिली. गुंतवणूकदार खवळले, काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. महिना संपायच्या आत चार संचालक बाहेर पडले. 7 जानेवारी 2009 ला कंपनीचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजूंनी खोट्या हिशेबांची कबुली दिली आणि शेअर एका दिवसात 75 टक्क्यांहून जास्त कोसळला. राजीनामे बघून सावध व्हायला छोट्या गुंतवणूकदाराला जेमतेम दोन आठवडे मिळाले. शिवाय सोडून जाणारे हे मंजुरी देणाऱ्या त्याच बोर्डावरचे होते. म्हणून राजीनाम्याची वाट बघत बसू नका, संबंधित कंपन्यांशी होणारे व्यवहार एरवीही वाचत चला.

रिकामी जागा भरायला कंपनीला साधारणपणे तीन महिने असतात. नवीन माणूस कोण, प्रवर्तकांशी त्याचे जुने संबंध आहेत का, हे कळेपर्यंत मी त्या शेअरमध्ये नवा रुपया टाकत नाही.