देव भोवनीला निघतो तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो.

फाकपंचमी, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमी, उजाडली की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात संध्याकाळचं वातावरणच बदलून जातं. देवळातला ढोल खाली उतरतो, कातडं उन्हात तापवलं जातं आणि दिवेलागणीला वाडीतली पोरं फाका, म्हणजे शिमग्याच्या आरोळ्या, घालायला लागतात. आंब्याला कैरी धरलेली असते, काजूची बोंडं पिवळी-लाल व्हायला लागतात, विहिरीचं पाणी खाली गेलेलं असतं. अशा दिवसांत आमच्याकडे शिमगा येतो. काही गावांचा शिमगा त्रयोदशीचा, तो तेरसे. काहींचा पौर्णिमेचा, तो भद्रे. सोयरीक जुळवतानासुद्धा आमच्याकडची जाणती बाई विचारते, ‘तुमचा शिमगा तेरसे की भद्रे?’ कारण माहेरवाशिणीला दोन्हीकडची पालखी गाठायची असते.

रत्नागिरी शहराचा मान श्री देव भैरीचा. खालच्या आळीतलं त्याचं देऊळ तुम्हाला ठाऊक आहेच. बारा वाड्यांचं हे ग्रामदैवत. होळीला मध्यरात्री पालखी देवळातून बाहेर पडते तेव्हा रस्त्यावर मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. वाड्या-वाड्यांतून माणसं चालत आलेली असतात, लहान मुलं बापाच्या खांद्यावर असतात, आणि ‘हुर्र्या रे हुर्र्या, आमच्या भैरीबुवाचा हुर्र्या’ अशी आरोळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. पुढे पालखी झाडगावच्या सहाणेवर, म्हणजे देव बसवायच्या ओट्यावर, बसते, होळी उभी राहते, आणि रंगपंचमीला शहर गुलालात न्हाऊन निघतं.

ही मिरवणूक मोठीच आहे. पण आज मला बोलायचंय ते मिरवणुकीच्या पुढच्या दिवसांबद्दल, म्हणजे गावोगावच्या भोवनीबद्दल. भोवनी म्हणजे पालखीने घरोघर फिरणं. वर्षभर आपण देवाच्या दारात जातो. शिमग्यात देव आपल्या दारात येतो. घर मोठं की लहान, चिऱ्याचं की मातीचं, हे तो बघत नाही. वाटेवरचं प्रत्येक घर तो घेतो.

भोवनीचा दिवस ज्या घरी असतो तिथली लगबग बघावी. अंगण आदल्या दिवशी शेणाने सारवलेलं, त्यावर रांगोळी, मधोमध पाट. घरातली म्हातारी सकाळपासून न जेवता ओट्यावर बसून असते. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू असं सगळं ताटात लावून ताट फडक्याने झाकलेलं. लांबून ढोल ऐकू आला की ती सुनेला हाक मारते, ‘अगो, निशाण दिसलं!’ मग निशाण पुढे, अब्दागिरी मागे आणि त्यामागे पालखी. पालखीतली चांदीची रूपं, म्हणजे देवाचे मुखवटे, उन्हात अशी चमकतात की नजर ठरत नाही. पालखी पाटावर टेकते, म्हातारी वाकून ओटी भरते, आणि गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहतो.

हे गाऱ्हाणं नीट ऐका. ‘बा देवा म्हाराजा, ह्या घरातलं लेकरू परदेशात नोकरीला गेलंय, त्याची राखण कर.’ ‘व्हय म्हाराजा!’ ‘सुनेची कूस उजव.’ ‘व्हय म्हाराजा!’ ‘भावाभावांत काय वाकडंतिकडं झालं असंल ते सरळ कर.’ ‘व्हय म्हाराजा!’ त्या घराचं जे दुखणं असतं ते चारचौघांसमोर बोललं जातं आणि सगळी वाडी त्याला होकार देते. त्या घरात कोण आजारी आहे, कुणाचं लग्न अडलंय, कुणाची बाग यंदा थ्रिप्स किडीने गेली, हे गावाला त्या अंगणात कळतं. आणि एकदा कळलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी मदतीला येतंच. माझ्या मते शिमग्याचं सगळ्यात मोठं काम हेच आहे. भोवनी म्हणजे गावाची वर्षातून एकदा होणारी विचारपूस.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की भोवनीतून एकही दार सुटू नये.

आता दारं कुठे सुटतात, तेही सांगतो. पहिली नव्या इमारतींची. गावठाणाच्या बाहेर सोसायट्या उभ्या राहिल्या. त्यात कोल्हापूरचे शिक्षक आहेत, नांदेडचे बँकेतले कर्मचारी आहेत, विदर्भातून बदलून आलेले तलाठी आहेत. पालखी काही लिफ्टने वर जात नाही, आणि त्या लोकांना वाटतं की हा इथल्या मूळ लोकांचा सण, आपण कशाला मध्ये पडा. आमच्या शेजारच्या सोसायटीत पालखी खाली गाड्या लावायच्या जागेत आणायचं ठरलं. गाड्या काढून जमीन धुतली, रांगोळी घातली. वरच्या मजल्यावरच्या एक बाई हातात ताट घेऊन जिन्यातच थांबल्या होत्या. मराठवाड्यातल्या. त्यांनी दबकत विचारलं, ‘आम्ही बाहेरचे, आम्ही ओटी भरली तर चालेल का?’ मानकरी वयाने मोठे होते. ते म्हणाले, ‘ताई, देवाच्या हद्दीत राहता ना? मग देवाच्याच तुम्ही. या पुढे.’ आणि गाऱ्हाण्यात त्यांच्या गावाकडच्या पावसाचंही मागणं झालं. त्या बाई रडल्या. आज वाडीतल्या हळदीकुंकवाला पहिली हाक त्यांनाच जाते.

दुसरी दारं कुलूपबंद घरांची. मुंबईचा चाकरमानी गणपतीला येतो तसा शिमग्यालाही येतो. कोकण रेल्वेच्या गाड्या भरून येतात, एसटी जादा गाड्या सोडते, तरी ज्यांना रजा मिळत नाही त्यांची घरं बंदच राहतात. काही गावांत फार चांगली पद्धत आहे. बंद घराच्या पायरीवर शेजारी पाणी शिंपडतात, नारळ ठेवतात, आणि त्या घराच्या नावाने गाऱ्हाणं होतं. घरधनी ठाण्यात किंवा विरारला मोबाईलवर ते ऐकत असतो. हे सगळीकडे व्हायला काय हरकत आहे? शेजारधर्म याहून वेगळा काय असतो?

तिसरं दार आपल्याला दिसतच नाही. हापूसच्या बागांत नेपाळहून आलेली माणसं राखणीला असतात. फवारणी, राखण, काढणी, सगळं त्यांच्या हातून होतं. ऐन शिमग्यात त्यांची पत्र्याची खोपटी बागेच्या टोकाला असतात आणि पालखी बागेच्या कडेने निघून जाते. बागमालकांनो, ही माणसं सहा-आठ महिने आपल्या हद्दीत नांदतात. त्यांची लेकरं आपल्या शाळेत आपल्या मुलांच्या बाकावर बसतात. यंदा पालखी त्यांच्या खोपटापुढे दोन मिनिटं थांबवा. मानकऱ्यांना आधी सांगून ठेवलं की वाट ठरवताना ते सोपं जातं.

आता एक अवघड विषय. काही गावांत मानपानाच्या वादाने पालखी देवळातच राहते. पहिली ओटी कुणाची, निशाण कुणी धरायचं, रूपं कुणाच्या ताब्यात, यावरून भांडण कोर्टात जातं. शिमगा तोंडावर आला की तहसीलदार आणि पोलीस दोन्ही बाजूंना बोलावतात, जमलं नाही तर बंदी येते. त्या गावातल्या पोरांना पालखी बघायला मामाच्या गावी जावं लागतं. मान जपावा, तो पिढ्यांनी कमावलेला असतो, हे मला मान्य आहे. पण वादामुळे देव बाहेरच निघणार नसेल तर तो मान कुणी बघायचा? ही बोलणी माघातच बसून करा. होळीच्या आदल्या रात्री तापलेल्या डोक्याने कुठलाच वाद मिटत नाही. आणि बोलायला बसाल तेव्हा गावातल्या बायकांनाही बसवा. काही गावांत त्या आता पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात, आणि काय नाचवतात! दांडी खांद्यावरून डोक्यावर, तिथून पुन्हा खांद्यावर, ढोलाच्या ठेक्याला एकही पाऊल चुकत नाही. आणि खूण काढायची असेल, म्हणजे जमिनीत पुरलेला नारळ पालखीने शोधायचा असेल, तेव्हा पालखी ज्या ओढीने रिंगण घालते ते बघताना अंगावर काटा येतो.

बाकीच्या दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. होळी म्हणून उभं करायला आंबा, सुरमाड नाहीतर पोफळ तोडायची ज्या गावाची जशी रीत, तशी ती पाळा. पण तोडलेल्या झाडाच्या जागी पावसाळ्यात दोन रोपं लावायचं काम त्याच रात्री कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा. आणि याच दिवसांत दहावी-बारावीचे पेपर असतात. ज्या घरात परीक्षेचं मूल आहे तिथली भोवनी दुपारी पेपर सुटल्यावर ठेवता येते. रात्री दहानंतर त्या आळीत ढोल बंद ठेवला तर देव रागावणार नाही. गाऱ्हाण्यात त्या मुलाचं नाव मात्र घ्या.

ज्यांच्या दारात यंदा पहिल्यांदा पालखी येणार आहे त्यांच्यासाठी सांगतो. पायऱ्या धुवून ठेवा, पाट मांडा. ताटात तांदूळ, नारळ, हळदकुंकू आणि जमलं तर खण. पालखीबरोबर चालणाऱ्यांना गूळपाणी किंवा कोकम सरबत द्या, कारण ती माणसं उन्हातून अनवाणी आलेली असतात. नमनखेळे, संकासूर आणि गोमू ही शिमग्यातली नाचणारी सोंगं दारात आली की पोस्त, म्हणजे बक्षिसी, मोकळ्या हाताने घाला. संकासूराला लहान मुलं घाबरतात, तेव्हा त्यांना कडेवर घेऊनच पुढे व्हा. आणि गुरव विचारतील, ‘काय सांगणं आहे?’ तेव्हा संकोच करू नका. मनात असेल ते सांगा. वाडी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला उभीच आहे.

सगळ्यांना शिमग्याच्या शुभेच्छा. नमस्कार.