नागपूरच्या उन्हात बंद पडणारा संगणक आणि विंडोजची आवृत्ती

मंडळी, घरचा संगणक मधेच बंद पडू लागला की पहिला सल्ला मिळतो, "फॉरमॅट मारून टाका." दुसरा, "विंडोज ११ टाका." माझं आग्रहाचं सांगणं आहे, की हे दोन्ही निर्णय सगळ्यात शेवटी घ्या. आधी तो कसा बंद पडतो ते बघा.

कुठलाही संदेश न देता पंखे थांबले किंवा यंत्र आपोआप पुन्हा सुरू झालं, तर संशय वीज आणि उष्णतेवर. निळा पडदा आणि त्यावर कोड आला, तर रॅम (संगणकाची तात्पुरती मेमरी), डिस्क किंवा ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर). विंडोज ११मध्ये २०२५च्या अपडेटनंतर तो निळा पडदा काळा झाला आहे, त्यामुळे रंगावर जाऊ नका; मजकूर दिसला का, ते लक्षात ठेवा.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडा. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल नोंद हमखास सापडते आणि पुष्कळ जण तिलाच रोग समजतात. तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. खरी माहिती तिच्या 'डिटेल्स'मध्ये असते. तिथे 'बगचेक कोड'समोर (म्हणजे चुकीच्या क्रमांकासमोर) ० असेल, तर बहुधा वीज गेली, यंत्र तापलं किंवा हँग झालं. आकडा असेल तर तो दशमान पद्धतीत असतो, पडद्यावर मात्र तोच सोळामान (हेक्साडेसिमल) पद्धतीत दिसतो. २६ म्हणजे पडद्यावरचा १ए, मेमरीची तक्रार. २९२ म्हणजे १२४, प्रोसेसर किंवा त्याच्या आसपासच्या हार्डवेअरने दिलेली चूक.

आता आपल्या नागपूरचं. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक त्याची स्वतःची वाढ. जानेवारीत खोली २२ अंशांवर असताना कामाच्या वेळी तो ७५ दाखवत असेल, तर नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ४२ अंशांच्या खोलीत तोच ९५च्या घरात जाणार. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की तो आधी वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर बंद होतो. म्हणून हिवाळ्यात चांगला चालणारा संगणक मे महिन्यात दुपारी दोन वाजता दगा देतो. सॉफ्टवेअर तेच असतं, बदललेली असते हवा.

यावर उपाय म्हणजे हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमधली धूळ साफ करणं. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा गरगरू देऊ नका. हीटसिंक काढलाच, तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी उष्णतावाहक पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. जास्त लावली म्हणून जास्त थंड होत नाही.

खोलीतल्या पाण्याच्या कूलरविषयी जरा सविस्तर बोललं पाहिजे. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. बोअरचं जड पाणी असेल तर तुषारांबरोबर क्षार येतात, ओलाव्याने रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. वीज बंद करून, रॅम काढून त्या साध्या खोडरबराने पुसल्या, की पुष्कळदा काम होतं. दुसरं, कूलर आणि संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डावर नकोत. मोटर सुरू होताना विजेचा दाब क्षणभर खाली जातो. पूर्ण भारावर एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा) साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे एक आवर्तन हुकलं तरी रिस्टार्ट.

यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आतली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी उन्हाळ्यात लवकर मरते. संगणक काढून तिथे १०० वॉटचा बल्ब लावा आणि यूपीएसचा भिंतीतला स्विच बंद करा. बल्ब लगेच विझला, तर दोषी सापडला. अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात नियमित पाणी घालावं लागतं.

इथवर सगळं ठीक निघालं तर रॅम. बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवणारी सोय, बंद करा, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा, एका वेळी एकच पट्टी लावून. एकही चूक दिसली तरी ती पट्टी बाद. डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा तिची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम. ०५ आणि सी५ या ओळींतले आकडे वाढत असतील तर डिस्क मरायला टेकली. सी७ वाढत असेल तर आधी साटा केबल (डिस्कला मदरबोर्डाशी जोडणारी) बदला. मरू घातलेल्या डिस्कवर 'चेकडिस्क /आर' ही डिस्कचा कोपरान् कोपरा वाचणारी आज्ञा चालवू नका. त्या ताणाने ती कायमची जाऊ शकते. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा.

विंडोजची पाळी यानंतर. 'शटडाउन' केल्यावर फास्ट स्टार्टअपमुळे कर्नल (विंडोजचा गाभा) पूर्ण बंद होत नाही, म्हणून तपासणीच्या काळात 'रिस्टार्ट' वापरा. मग विंडोजच्या बिघडलेल्या फायली दुरुस्त करणाऱ्या आज्ञा चालवा: आधी डिझम, नंतर एसएफसी.

आवृत्तीचं म्हणाल, तर विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. ११साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ४ जीबी हा कागदावरचा आकडा आहे; ८च्या खाली मी सुचवणार नाही. अटी चुकवून जुन्या यंत्रावर ११ घालता येतं, पण २४एच२ या ११च्या आवृत्तीपासून एसएसई४.२ हा आज्ञासंच नसलेला प्रोसेसर सुरूच होत नाही.

११मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' (संशयास्पद ड्रायव्हरना गाभ्यापासून दूर ठेवणारी सोय) चालू असेल तर जुन्या प्रिंटरचे किंवा टीव्ही कार्डाचे काही ड्रायव्हर लोड होत नाहीत. ही सुरक्षेची चांगली सोय आहे, ती बंद करण्याऐवजी ड्रायव्हर बदला. आणि २४एच२ नव्याने टाकलं की मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर डिस्क बहुतेकदा आपोआप कूटबद्ध होते. मदरबोर्ड बदलण्याआधी किंवा बायोस अपडेट करण्याआधी खात्यातून बिटलॉकरची (विंडोजच्या या कूटबद्धीकरणाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काहीच हाती लागत नाही.

सातव्या पिढीचं किंवा त्याआधीचं यंत्र असेल आणि काम ब्राउझर, ईमेल, मराठी टायपिंग एवढंच असेल, तर लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली विंडोजच्या जागी घाला. मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात आहे. टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल, तर आधी मिंट पेनड्राइव्हवरून लाइव्ह (डिस्कवर न टाकता) चालवून ते चालतं का ते बघा, आणि मगच हार्ड डिस्कला हात लावा.