आषाढातली रापण

(दृश्य : टेबलावर उघडी पडलेली जुनी कादंबरी. लाल रेक्झिनची बांधणी, पिवळी पानं. कॅमेरा समासाकडे सरकतो.)

पेन्सिलीनं लिहिलंय. बारीक, किरटं अक्षर. «आषाढात रापण? लेखकाने दर्या पाहिला आहे काय?»

त्याच्या खाली निळ्या शाईत, वेगळ्या हातानं : «पाहिला असेल. तुमचे काय जाते?»

आणि अगदी तळाशी, पानाच्या नंबराला टेकून, तिसऱ्या कुणीतरी दोघांचा समेट घडवायचा प्रयत्न केलाय : «श्रावण म्हणावयाचे असेल. नारळी पौर्णिमेनंतर.»

कादंबरीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. लेखक आता हयात नाहीत, आणि आषाढ सोडला तर पुस्तक फार चांगलं आहे. हे भांडण मला सापडलं ते मुंबईत, लालबाग-परळच्या बाजूला, एका छोट्या वाचनालयात. समुद्र तिथून दिसत नाही. पण ह्या तिघांनाही तो दिसत होता, हे नक्की.

(दृश्य : मालवणजवळचा किनारा, पहाट. माणसांच्या दोन रांगा दोर ओढताहेत.)

ज्यांना रापण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात राहतं. दुसरं टोक घेऊन होडी पाण्यात जाते आणि मोठा अर्धगोल घेऊन लांबवर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडून ओढायचं. घाई करून चालत नाही. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात आणि शेवटी मधोमध पांढरं, फडफडणारं काहीतरी वर येतं. तारली, पेडवे, नशीब असेल तर बांगडा. मग वाटे पडतात : जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. सहज हात लावायला आलेलं पोरही रिकामं जात नाही.

आता हे आषाढात कसं होणार? समुद्र खवळलेला, होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या. सरकारी नियमानंही महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पण किनाऱ्यावरच्या माणसाला तो नियम कॅलेंडरवर शोधावा लागत नाही. पेन्सिलवाल्याचा राग मला समजतो.

(दृश्य : चाळीचा लाकडी जिना. गॅलरीत वाळत घातलेले कपडे.)

माझे आजोबा मालवणकडचे. गिरणीत साचा खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या मागांवर होते. लग्न होऊन आजी मुंबईत येईपर्यंत ते गावमंडळाच्या खोलीत राहिले. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली भाड्यानं घ्यायची, भिंतीला ज्याची त्याची ट्रंक, जेवण खानावळीत. गिरणी तीन पाळ्यांत चालायची, त्यामुळे एकाच वळकटीवर पाळीप्रमाणे माणसं झोपत. महिन्याच्या पगारातून गावाला मनीऑर्डर. ह्या सगळ्याला गावात एकच शब्द होता, चाकरमानी. त्यात कौतुक होतं आणि थोडी थट्टाही होती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आजोबा त्यातलेच. संप कधी मिटलाच नाही, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं तरी नाही. घरी बसलेल्या माणसानं दिवसभर करायचं काय? कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयातून ते पुस्तकं आणायला लागले. चष्म्याचा नंबर वाढलेला, म्हणून शाळेतून आल्यावर मी मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं.

ते ऐकायचे कसे, हे सांगायला हवं. डोळे मिटून, हातात अडकित्ता. वाक्य पटलं की सुपारीचा एक तुकडा पडायचा. «ह्या बरोबर लिवल्यान.» नाही पटलं तर अडकित्ता थांबायचा. मग मला कळायचं, आता लेखकाचं काही खरं नाही. «हेणी दर्यो बघूक नाय. वाच गो, फुडे वाच.»

लहानपणी मला वाटायचं, त्यांना गोष्ट आवडत नाही, नुसत्या चुका काढतात. फार उशिरा लक्षात आलं की तीच त्यांची मजा होती. ज्या माणसाचं साच्यावर, भाड्याच्या खोलीवर, पगारावर काहीच चालत नव्हतं, त्याला ह्या एका गोष्टीत कुणी शिकवू शकत नव्हतं : व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी कधी येतं, गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कसा रचतात, साकव, म्हणजे ओढ्यावरचा लाकडी पूल, कुठल्या झाडाचा टिकतो. पुस्तक हातात आलं की ते परीक्षक आणि लेखक परीक्षार्थी.

(दृश्य : दादर पूर्व. रस्त्यावरची गर्दी, मग ग्रंथालयातली शांत कपाटं.)

मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं. दादर पूर्वेला, नायगावच्या अंगाला, त्याच्या कपाटांसमोर उभं राहिलं की एक गंमत ध्यानात येते. कोकणावरची पुस्तकं म्हणून आपण ज्यांना मान देतो, त्यांतली कितीतरी मुंबईत लिहिली गेली आहेत.

श्री. ना. पेंडसे जन्मले दापोली तालुक्यातल्या मुर्डीत, १९१३ साली. नोकरी मुंबईत, बेस्टमध्ये. बस आणि ट्रामच्या ह्या उपक्रमात काम करणाऱ्या माणसानं १९५२ मध्ये ‹गारंबीचा बापू› दिला. जयवंत दळवींचं गाव आरवली, वेंगुर्ल्याच्या खाली, शिरोड्याला लागून. ‹सारे प्रवासी घडीचे› त्या गावातल्या वल्ली घेऊन १९६४ साली आलं, तेव्हा दळवीही मुंबईकर झालेले. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळची खानावळ मागे टाकून इथंच आले.

गावात बसून गाव लिहिता येत नाही, असं मी म्हणणार नाही. तिथं राहून लिहिणारेही आहेत आणि उत्तम आहेत. पण गावात असताना पाणंद ही फक्त वाट असते, चिखल असेल तर शिवी घालायची. ट्राममधून परळ ओलांडताना मात्र त्याच पाणंदीचा वळसा नि वळसा आठवायला लागतो. वाचणाऱ्याचंही तेच. लेखक आणि वाचक दोघेही इथं, मधे चारपाचशे किलोमीटर, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं ते तिकडे.

(दृश्य : भाऊचा धक्का. लाँचमध्ये चढणारी माणसं, मासळीच्या पाट्या.)

जुनी पुस्तकं वाचताना बोटीचं प्रकरण येतंच. रेल्वे आली फार उशिरा. रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. त्याआधी कित्येक वर्षं गावाला जायचं म्हणजे धक्क्यावरून आगबोट. बऱ्याच बंदरांत बोट किनाऱ्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडाव यायचा, आणि हलत्या बोटीतून हलत्या पडावात उतरायचं. आधी ट्रंका, मग पोरं हातांवरून, मग बायका. माझ्या आजीनं आयुष्यात एवढी एकच उडी मारली होती आणि ती तिनं आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितली.

आजोबा बोटीचं वर्णन आलं की गप्प व्हायचे. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‹रामदास› बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या घरचं त्यात कुणी नव्हतं. पण त्या पिढीला पावसाळ्यातलं पाणी आणि बोट हे दोन शब्द एका वाक्यात नको असायचे.

(दृश्य : जांभ्या दगडाचं जुनं घर, बंद दार, अंगणात वाढलेलं गवत.)

इथं माझी एक तक्रार. हल्ली कोकणावरची बरीच पुस्तकं माड, लाल माती, सोलकढी आणि सूर्यास्त एवढ्यावर भागवतात. मुखपृष्ठावर होडी, तीही रिकामी. वाचून झालं की सहलीचं माहितीपत्रक वाचल्यासारखं वाटतं. ज्यांचं गाव खरोखर तिकडे आहे त्यांना विचारा, गणपतीत घरी गेल्यावर पहिले दोन तास चर्चा कशावर होते. सातबाऱ्यावर. सामायिक आंब्यावर. चुलत्यानं सरकवलेल्या गडग्यावर.

जुन्या कादंबऱ्यांत हे भांडण आहे, म्हणून त्या जिवंत आहेत. पेंडशांची ‹तुंबाडचे खोत› १९८७ ची, दोन जाडजूड खंड, जगबुडी नदीच्या काठावरच्या एका खोत घराण्याच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, पिढ्यांमागून पिढ्या. आमच्या वाचनालयात पहिला खंड कायम बाहेर आणि दुसरा कपाटात, असं चालायचं. एकदा उलटं झालं. आईनं पहिला संपवला आणि दुसरा शेजारच्या चाळीतल्या एका काकूंकडे अडकला. तीन आठवडे! त्या काकू जिन्यात भेटल्या की आई आधी तब्येत विचारायची, मग पोरांचा अभ्यास, आणि मग अगदी सहज आठवल्यासारखं, «कितव्या पानावर आहात?» काकूंनाही ते कळायचं. त्या पान सांगायच्या आणि वर, «पुढे काय होतं ते सांगू का?» अशी धमकी द्यायच्या.

आजोबांचं मत ह्या बाबतीत वेगळं होतं. खोताच्या वाड्यातल्या गोष्टी पुष्कळ लिहिल्या गेल्या, कुळाच्या झोपडीतल्या त्या मानानं थोड्या. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं, आणि पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन आले होते. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्यानं. आमचं घराणं कुळांचं. त्यामुळे वाड्याच्या ओटीवर कुणी खोत उदास होऊन बसला की मी हळवी व्हायची, आणि आजोबांचा अडकित्ता थांबायचा.

(दृश्य : माहीमच्या खाडीचा काठ, संध्याकाळ. मागे उंच इमारती.)

आणि गाव, समुद्र, दर्या करताना आम्ही चाकरमानी एक गोष्ट सोयीस्कर विसरतो. मुंबईही समुद्रकाठच आहे. वरळी, माहीम, वेसावे इथले कोळी आम्ही यायच्या कितीतरी आधीपासून हाच दर्या बघतायत, नारळी पौर्णिमेला त्याला नारळ देतायत. मधु मंगेश कर्णिक मूळचे करूळचे, पण त्यांची १९६९ सालची ‹माहीमची खाडी› इथल्या झोपडवस्तीची गोष्ट सांगते. आजोबांनी ती दोनदा वाचून घेतली. चूक एकही काढली नाही. मी विचारलं, का? तर म्हणाले, ही खाडी आपल्या अंगणातली नाही, इथं आपण पाहुणे.

(दृश्य : रात्र. दादर स्थानक. फलाटावर बॅगा, पिशव्या, झोपलेली मुलं.)

मध्यरात्री दादरहून तुतारी एक्सप्रेस सुटते, सावंतवाडीकडे. आधी हिचं नाव राज्यराणी होतं. २०१७ मध्ये बदललं, केशवसुतांच्या कवितेवरून. केशवसुत मालगुंडचे. कवितेचं नाव मिरवणाऱ्या गाडीत बसायला जागा नसते, हा भाग वेगळा. गणपतीच्या दिवसांत तर दारात उभं राहून कणकवली गाठलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या एकाच्या काखेत पुस्तक होतं. तो माणूस म्हणजे माझे काका, त्यामुळे खात्रीनं सांगते.

वाचनालयाचं पुस्तक गावाला न्यायचं नाही, असा नियम आहे. फळ्यावर लिहिलेलाही आहे. तरी भाद्रपदात कोकणाचं कपाट अर्धं रिकामं असतं. ग्रंथपाल बाईंना मी एकदा विचारलं, ही सगळी पुस्तकं गेली कुठे? त्या नोंदवहीतून मान वर न करता म्हणाल्या, «गेली असतील आपापल्या गावी.»

(दृश्य : वाचनालय, दुपार. काउंटरवर परत आलेल्या पुस्तकांची चळत.)

विसर्जनानंतर आठवड्याभरात ती परत येऊ लागतात. एकेक पुस्तक बाई उघडतात, पानं सर्रकन सोडतात, काही राहिलंय का बघतात. एकातून रेल्वेचं तिकीट निघतं. एकातून आरतीच्या कागदाचा तुकडा.

रापणीची ती कादंबरीही ह्या वर्षी जाऊन आली. समासातल्या तिघांखाली आता चौथं अक्षर आहे, बॉलपेनचं, वळणदार, बहुधा एखाद्या मुलीचं : «मी आजीला विचारले. ती म्हणते, आषाढात नाही.» आणि त्या ओळीशेजारी काळपट तांबडा, बोटाएवढा डाग.

बाईंनी पुस्तक नाकाशी नेलं. «आमसूल,» त्या म्हणाल्या, आणि शिक्का मारला.